रुखवतातली पेशी

शालिनी खांबेटेने करंज्यांचा दुसरा घाणा काढला आणि त्यातली एक फोडून पाहिली. सारण झकास झालं होतं, पण तिला सारणाशी कर्तव्य नव्हतं. तिला आतल्या घड्या दिसायला हव्या होत्या. पेशीतल्या तंतुकणिकेच्या पोटात पडद्याच्या घड्या असतात, पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा त्या घड्यांवरच तयार होते. घड्या नसतील तर ती तंतुकणिका कसली, नुसती करंजी. म्हणून तिने प्रत्येक करंजीच्या सारणात पातळ पारीची एक नागमोडी पट्टी घातली होती. ती पट्टी नीट उभी राहिली होती. शालिनीने फोडलेली करंजी बाजूला ठेवली आणि कढईत पुढच्या सोडल्या.

तुलसी नगरमधल्या भावाच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात चार दिवस तिने दुसऱ्या कुणाला पाय ठेवू दिला नव्हता. भावजय निर्मला, म्हणजे नवरीची आई, मधूनच दारातून डोकावून जायची.

"वन्सं, करंज्या मोजून अकराच का? एकवीस तरी करा. वरपक्ष काय म्हणेल?"

"या पेशीत अकराच आहेत," शालिनी म्हणाली.

निर्मलाने हात जोडले आणि ती निघून गेली. तिची नणंद आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी न ऐकणारी होती. भाचीच्या लग्नात रुखवत मीच मांडणार, आणि असं मांडणार की भोपाळात कुणी पाहिलं नसेल, हे तिने साखरपुड्याच्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. दोन पेशी, एक वनस्पतीची आणि एक प्राण्याची, सगळी खायची. चिक्कीच्या तुकड्यांनी बांधलेली वनस्पतीची चौकोनी भिंत, तिच्या आत पिस्त्याच्या वड्यांची हरितलवकं, मधोमध काचेच्या वाडग्यात नारळाचं पाणी भरलेली भलीमोठी रिक्तिका, आणि त्या रिक्तिकेने कोपऱ्यात ढकललेलं बेसनाच्या लाडवाचं केंद्रक. शेजारच्या गोल परातीत प्राण्याची पेशी. तिला भिंत नाही, नुसतं शेवयांचं पटल. एकावर एक रचलेल्या चिरोट्यांचं गॉल्जी पिंड, मोतीचुराच्या कळ्यांच्या लयकारिका, आणि सगळीकडे भुरभुरलेली खसखस, म्हणजे प्रथिनं तयार करणारे रायबोसोम.

सुरुची, नवरी, तर हरखून गेली होती. लहानपणापासून आत्याच्याच मांडीवर बसून ती पेशी काढायला शिकली होती. "माझ्या आत्याने माझ्यासाठी पेशी केली, आहे कुणाची अशी आत्या?" असं ती मैत्रिणींना फोनवर सांगत सुटली होती. सगळं घर आत्याच्या कौतुकात बुडालं होतं. आत्या मात्र चार दिवस कढईसमोर उभी होती ती सुरुचीसाठी नव्हे. ती उभी होती सुरुचीच्या होणाऱ्या सासऱ्यासाठी, मनोहर डबीरसाठी.

शालिनीला क्षमा नावाचा गुण देवाने दिला नव्हता आणि तिनेही तो कधी मागून घेतला नव्हता. पण राग काही उगाच नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली ती आनंद नगरजवळच्या एका खाजगी शाळेत कंत्राटावर होती. पस्तिशीही उलटली नव्हती. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्या एका भिंगावर बुरशी आलेली होती. शाळा सुटल्यावर ती तिथे बसायची. गालाच्या आतून काडीने खरवडून, निळ्या रंगाचा थेंब टाकून, काचपट्टीखाली स्वतःच्याच पेशी बघायची. हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान बघायची. दिसेल ते बघून आणि न दिसेल ते कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जाड पुस्तकांतून उतरवून तिने दोन महिन्यांत एक जोडचित्र काढलं. त्या काळी शाळांत जे तक्ते असायचे त्यात वनस्पतीच्या पेशीचं केंद्रक मधोमध, अंड्यातल्या बलकासारखं बसवलेलं असे. शालिनीने ते रिक्तिकेने कडेला रेटलेलं दाखवलं, कारण ते तसंच असतं.

चित्र संपत आलं होतं त्या दिवशी दिवेलागणीला आई उदबत्ती घेऊन घरभर फिरत होती. पोरीने काय काढलंय ते बघायला ती वाकली आणि उदबत्तीचा निखारा कागदावर पडला. प्राण्याच्या पेशीत, केंद्रक आणि गॉल्जी पिंडाच्या मधे, हरभऱ्याएवढं भोक. आईने कपाळाला हात लावला. शालिनी म्हणाली, राहू दे, पक्कं चित्र करताना बघू. आणि विसरू नये म्हणून तिने भोकाभोवती पेन्सिलने एक गोल काढून ठेवला.

डबीर सर शाळेतले ज्येष्ठ. गाइडं लिहायचे, खात्यात ओळखी होत्या. "खांबेटे, एक झेरॉक्स द्या, चुका काढून देतो," ते म्हणाले. तिने दिली. चुका काही त्यांनी काढल्या नाहीत. सहा महिन्यांनी एका प्रकाशकाचा रंगीत तक्ता शाळेत आला आणि खाली छापलं होतं, संकल्पना व रेखांकन, प्रो. मनोहर डबीर. तंतुकणिका अकरा. केंद्रक कोपऱ्यात. आणि प्राण्याच्या पेशीत केंद्रकाच्या निम्म्या आकाराचा एक गोल, पिवळ्या रंगात, त्याला बाण काढून लिहिलेलं नाव, पुटिका.

झेरॉक्समध्ये भोक काळं गोल उमटलं होतं. डबीर सरांनी त्यालाही पेशीचा अवयव समजून बारसं करून टाकलं होतं. पुटिका असते, पेशीतला माल इकडून तिकडे नेणारी चिमुकली पिशवी असते ती, पण असली गलेलठ्ठ नसते. तो तक्ता गावोगाव गेला. सत्तावीस वर्षं मध्य प्रदेशातली पोरं शालिनीच्या आईच्या उदबत्तीने पडलेलं भोक वहीत काढत आली आणि त्याला अर्धा मार्क मिळवत आली.

ती मुख्याध्यापकांकडे गेली तेव्हा ते हसले. "अरे मैडम, कोशिका किसी के बाप की थोड़ी है! सबके अंदर है।" पुढच्या वर्षी तिचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. ती दुसऱ्या शाळेत लागली. तिथेही प्रयोगशाळेत डबीर सरांचा तक्ता होता. तिने तो हलवून मुद्दाम आपल्या टेबलासमोर टांगून घेतला, रोज दिसावा म्हणून. भोक पडलेला मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने कपाटात ठेवला. त्याला कधी घडीसुद्धा पडू दिली नाही. घरी मात्र या चोरीबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही.

आणि मग वर्षापूर्वी सुरुची लाजत लाजत परीक्षित डबीरबद्दल बोलली. मुलगा सरकारी अधिकारी होता, चार इमलीत, साहेबलोकांच्या वस्तीत, बंगला होता.

"आणि बाबा कोण माहितेय त्याचे? चार्टवाले डबीर सर! आत्या, तुझ्या लॅबमध्ये नव्हता का तो?"

त्या वेळी शालिनीला बोलता आलं असतं. भाऊ सुरेश समोर बसला होता, निर्मला वाटाणे सोलत होती. एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या मनात काय आलं, तर हा माणूस आता हाताच्या अंतरावर येणार. माझ्या मांडवात, माझ्या लोकांत, त्याच्या लोकांत.

"चांगलं घर आहे," ती म्हणाली.

साखरपुड्याला डबीर समोर आले. पांढरे केस, सिल्कचा झब्बा, बोलण्यात तोच दिलखुलासपणा. "तुम्हीही शिक्षिका होतात म्हणे? कुठल्या शाळेत?" तिने आनंद नगरजवळच्या त्या शाळेचं नाव सांगितलं. "अरे वा! मीही होतो की तिथे काही वर्षं. आपली गाठ नाही पडली कधी," ते म्हणाले आणि जिलबीकडे वळले.

तक्ता नेला ते एक वेळ ठीक. पण ज्याचा नेला त्याचं तोंडही लक्षात ठेवू नये? ते नाटक नव्हतं. शालिनीने त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं होतं, त्यांना खरंच आठवत नव्हतं. पेशीच्या आत लयकारिका असते. तिच्यात एवढा तीव्र पाचकरस असतो की पटल फुटून तो बाहेर सांडला तर पेशीलाच खाऊन टाकेल, म्हणून तो पिशवीत जपून ठेवलेला असतो. शालिनीने सत्तावीस वर्षं तसाच सांभाळला होता. त्या दिवशी तिने ठरवलं की आता सांडायचा.

बेत साधा होता. रुखवतात हुबेहूब तक्त्यातली पेशी मांडायची. त्या गोलाच्या जागी एक कडबोळं ठेवायचं, मधे भोक असलेलं, आणि त्यावर नाव न घालता फक्त "ओळखा पाहू" अशी पताका लावायची. डबीर आपल्या तोंडाने पुटिका म्हणतील. मग कागद काढायचा. पण अक्षता पडल्यावर, आधी नाही. लग्न लागून गेलं, पंगत बसली की. सुरुचीची एवढी काळजी आपण घेतली आहे, यावर शालिनी स्वतःवर फार खूश होती.

लग्न एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. सकाळी पोहे-जिलबी झाली, डबीरांकडची मंडळी आली. त्यात निम्मे मास्तर, काही खात्यातले साहेब, आणि एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या विनिता मॅडम. सुरुची आतल्या खोलीत गौरीहर पुजायला बसली होती. बाकी सगळ्यांनी रुखवताच्या टेबलाला गराडा घातला. टेबलामागे स्टँडवर डबीरांचा तक्ताही लावलेला होता. शालिनीने तो मुद्दाम नवा विकत आणला होता.

"अरे! हा तर आमचा तक्ता!" डबीरांचा चेहरा उजळला. "शालिनीताई, कमाल केलीत. आम्हाला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता."

"तुमचंच आहे म्हणतात सगळं," शालिनी म्हणाली.

मग काय, त्यांनी फुलवाल्याची काठी उचलली आणि वर्गच सुरू केला. व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन पुढे सरकला.

"हे बघा, वनस्पतीला बाहेरून भिंत. का? तिला पळून जाता येत नाही, जागच्या जागी ताठ उभं राहायचंय. प्राण्याला भिंत नाही, नुसतं पटल. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे पटल ठरवतं. आमच्या मंडळींसारखं!" सगळे हसले. त्यांची बायकोही हसली. "हे हरितलवक, ऊन खाऊन साखर करणारं. ही तंतुकणिका, ती साखर जाळून शक्ती देणारी. करंजी! वा! आणि ही..." काठी कडबोळ्यावर टेकली. "ओळखा पाहू म्हणे. अहो, मी नाही ओळखणार तर कोण? ही पुटिका."

शालिनीने मनात म्हटलं, बस, झालं. आता पंगतीपर्यंत दम धरायचा.

पण विनिता मॅडम पुढे झाल्या. "सर, खूप वर्षं विचारायचं होतं. केंद्रकाच्या निम्मी पुटिका? मला नेहमी वाटतं, तुमच्या स्लाइडवर एअर बबल असणार. आमची पोरंसुद्धा काचपट्टीतला हवेचा बुडबुडा पेशी म्हणून काढून आणतात."

डबीरांनी काठी खाली घेतली. शालिनीला त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब स्पष्ट दिसला. पुटिका म्हणून अडून बसलो तर या बाईसमोर अडाणी ठरतो. मग ते मोठ्याने हसले आणि त्यांनी विनिता मॅडमना चक्क नमस्कार केला.

"पकडलंत! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पकडलं. हो, बुडबुडाच तो. तरुण होतो, संध्याकाळी शाळेत एकटा बसायचो, त्या बुरशी आलेल्या भिंगातून बघत. काचपट्टी ठेवताना हात हलला असणार. पुढे माझ्या लक्षात आलं, पण मी मुद्दाम तसाच ठेवला. मुलांना कळू दे की मास्तरही चुकतो."

टाळ्या पडल्या. खात्यातले एक साहेब म्हणाले, "इसको कहते हैं बड़प्पन।" एका मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

शालिनीचं डोकं सणकलं. चित्र नेलं. संध्याकाळी एकटीने बसणं नेलं, भिंगावरची बुरशीसुद्धा नेली. आणि आता जी एकच चूक तिची होती, तिच्या आईच्या हातून झालेली, तीही या माणसाने उचलून स्वतःच्या गळ्यात हारासारखी घातली. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. अक्षता, पंगत, सुरुची, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"विनिता मॅडम, जरा हा कागद धरा. उजेडाकडे करून बघा."

विनिता मॅडमनी कागद वर धरला. भोकातून उजेडाचा कवडसा त्यांच्या गालावर पडला. त्यांनी करंगळीचं टोक भोकात घालून पाहिलं, कडेची जळकी तपकिरी रेघ पाहिली. मग त्या तक्त्याजवळ गेल्या आणि मोजू लागल्या. अकरा तंतुकणिका इथे, अकरा तिथे. कोपऱ्यातलं केंद्रक. गॉल्जी पिंडाची सर्वांत खालची घडी दोन्हीकडे सारखीच वाकडी.

"डबीर सर," शालिनी म्हणाली. आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. "तुमच्या काचपट्टीवरचा बुडबुडा माझ्या आईच्या उदबत्तीने कसा जळला?"

पलीकडे सनईची रेकॉर्ड चालू होती ती कुणीतरी बंद केली. डबीर त्या कागदाकडे बघत होते, मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि साखरपुड्याला जे घडलं नव्हतं ते आता घडलं.

"खांबेटे," ते म्हणाले. "झेरॉक्स."

"आली का आठवण? झेरॉक्सच. चुका काढून देणार होतात."

सुरेश गर्दीतून वाट काढत आला. त्याने बहिणीचा दंड धरला. "ताई, आज नको. पाया पडतो तुझ्या. पोरीचा मुहूर्त आहे."

"मुहूर्ताला बावीस मिनिटं आहेत," शालिनी म्हणाली. "मला त्यांचं एक वाक्य हवंय. त्याला बावीस मिनिटं लागत नाहीत."

डबीरांनी इकडेतिकडे पाहिलं. पाय आपटून वरात परत नेता आली असती, तेवढा अधिकार वरपित्याला असतो, आणि सुरेशच्या तोंडचं पाणी त्यानेच पळालं होतं. पण वरात नेली असती तर का नेली हे सगळ्या भोपाळने विचारलं असतं. साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. मास्तरीणबाईंनी डोळे पुसलेला रुमाल आत ठेवून दिला होता. डबीरांच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. ते खुर्चीवर बसले.

"चित्र खांबेटे मॅडमचं आहे," ते म्हणाले. "मी नाही काढलं."

"अंकल," व्हिडिओवाला कॅमेऱ्याआडून म्हणाला, "एक बार और बोल दीजिए, इधर देख के। बीच में लाइट चली गई थी।"

त्या बिचाऱ्याला मराठी कळत नव्हतं. त्याला वाटलं, सोयरे एकमेकांचं कौतुक करताहेत. आणि डबीरांनी, काय झालं होतं कोण जाणे, कॅमेऱ्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, वर्गात उभं केलेल्या पोरासारखं.

एवढ्या वर्षांनी सूड हाती लागला की पोकळ वाटतं म्हणतात. खोटं कशाला सांगा, शालिनीला तसं काही वाटलं नाही. तिला पोटभर वाटलं. तिने कागद परत पिशवीत घातला, पदर नीट केला आणि गुरुजींना विचारलं, "अक्षता वाटायच्या का?"

लग्न लागलं. बारा पस्तीसला अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा सुरुचीने परीक्षितला हार घातला, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही. फोटोवाला "स्माइल, भाभी, स्माइल" म्हणत राहिला. पंगतीत वरपक्षाकडची तीस-पस्तीस पानं रिकामी राहिली. रुखवताला कुणी हात लावला नाही, चिरोटे होते तसेच राहिले. शालिनी मात्र व्यवस्थित जेवली, मठ्ठाही दोनदा घेतला. विनिता मॅडम मुद्दाम तिच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, केंद्रक कोपऱ्यात दाखवणारा शाळेतला पहिला तक्ता मी हाच पाहिला होता. शालिनीला इतकं बरं वाटलं की तिने त्यांना आग्रहाने श्रीखंड वाढलं.

तीन वाजता सुरुचीने निरोप पाठवला, आत्याला आत बोलवा.

ती पाठवणीची साडी नेसून तयार बसली होती. सोबतच्या मैत्रिणींना तिने बाहेर काढलं.

"दार लाव," ती म्हणाली. शालिनीने लावलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"आत्या, मी लहान नाही."

"तू पहिल्यांदा नाव घेतलंस तेव्हापासून."

"म्हणजे वर्षभर." सुरुची हातातल्या हिरव्या बांगड्या एकीकडून दुसरीकडे सरकवत होती. "मी तुला विचारलं होतं, घर कसं वाटतं. तू चांगलं म्हणालीस. त्याच वेळी सांगितलं असतंस तर कदाचित मी हे लग्न केलंही नसतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," शालिनी म्हणाली, आणि वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

सुरुचीने मान हलवली, जणू हेच उत्तर हवं होतं. "मी गौरीहरापुढे बसले होते. बाहेर तुझा आवाज चढलेला ऐकला. मला वाटलं, आत्या सगळ्यांना पेशी समजावून सांगतेय. मी शेजारी बसलेल्या बाईंना म्हटलंसुद्धा, ऐका, ही माझी आत्या."

"तो चोर आहे, सुरुची. माझं आयुष्य गेलं त्यात. तुला कळलं असेलच, बुडबुडासुद्धा माझा म्हणून सांगत होता तो."

"आहेच चोर. मी कुठे नाही म्हणतेय? पण तू चार वाजता तुलसी नगरला घरी जाशील, चहा टाकशील. मी त्याच्या घरी चाललेय. उद्या सकाळचा चहा त्याला मी करून द्यायचाय. परवाचाही."

शालिनीला बसावंसं वाटलं, पण खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांवर साड्या होत्या.

"परीक्षित काय म्हणाला?"

"एवढंच विचारलं, तुला माहीत होतं का. मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही. सासूबाईंनी सांगितलंय, रुखवत इथेच ठेवा, आमच्याकडे जागा नाही." सुरुचीने हात पुढे केला. "तो कागद दे."

"कशाला?"

"दे तर."

"तो माझा आहे, सुरुची. सत्तावीस वर्षं..."

"तुझं काम झालं त्याचं. आता मला लागणार आहे. त्या घरात ज्या दिवशी कुणी पहिल्यांदा म्हणेल ना, तुझ्या आत्याने आमची अब्रू घालवली, त्या दिवशी मला काहीतरी टेबलावर ठेवायला लागेल. दुसरं काय दिलंयस तू मला?"

बाहेर बँडवाल्यांनी एकदा ढोल वाजवून पाहिला. शालिनीने पर्स उघडली. प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. तिने कागद काढून भाचीच्या हातात ठेवला. आपण तो पुन्हा बघणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सुरुचीने त्याची मधोमध घडी घातली.

"अगं, घडी नको घालूस त्याला..."

सुरुचीने दुसरी घडी घातली, बोटाने दाबून बसवली, कागद आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवला आणि चेन ओढली. मग तिने आरशात बघून मुंडावळ्या सारख्या केल्या आणि दाराची कडी काढली.

"चल," ती म्हणाली. "रडायची वेळ झाली. बाहेर सगळे थांबलेत."